मानवटकर साहेबांचे बूट

मागच्या महिन्यात मारेगावकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, चार जण दोन मोटारसायकलींवर आर्णीला माझ्या घरी आले. चहापाणी झालं, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग मुद्द्यावर आले. त्यांना मानवटकर साहेबांचा फोटो पाहिजे होता. पोडाच्या बोअरवेलजवळ त्यांनी सिमेंटचा ओटा बांधलाय, त्यावर फोटो बसवायचा, वर चार पत्रे टाकायचे, असा बेत. मी म्हणालो, माझ्याजवळ फोटो नाही. धादांत खोटं बोललो, तेही जुम्म्याच्या दिवशी.

मग त्यांच्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, फोटो नसंन तर साहेबाचे जोडे तरी द्या. जोडे माझ्याकडे आहेत हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी म्हणालो, ते बूट तर मी घालतो. हे मात्र खरं होतं. दाराशी काढून ठेवले होते, वावरातल्या मातीनं भरलेले. त्यांनी वळून पाहिलं आणि चौघंही एकदम खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. मी घाबरलो. खरं सांगतो, त्यांची भीती नाही वाटली. साहेबांचं जे होऊ नये म्हणून मी जपत होतो तेच माझ्या ओसरीत होऊन राहिलं होतं, त्याची वाटली.

म्हणून हा माणूस कोण होता ते एकदा सांगून टाकतो. मी शेख रहीम, ड्रायव्हर माणूस. अठरा वर्षं मानवटकर साहेबांची जीप चालवली. आमचं खातं जमिनीखालचं पाणी मोजणारं. जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चारदा जायचं, पाणी किती खोल आहे ते लिहायचं, आणि कुठल्या गावाला बोअर पाहिजे असली की जागा शोधून द्यायची. साहेब त्यातले भूगर्भवाले, दगड ओळखणारे.

उंचीनं बुटके, रंगानं आपल्या काळ्या वावरासारखे, आणि शर्टाचा खिसा कायम पांढरा. त्या खिशात खडू असायचे. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची, खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. नवीन यंत्रं आली तरी साहेब खडूनं एकदा पडताळून पाहायचेच. वहिनी म्हणायच्या, यांचे शर्ट धुऊन माझे हात मास्तरणीसारखे झाले.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "मोजलं का?" माझ्या घरवालीला लय ताप आहे म्हणून मी सुट्टी मागायला गेलो, तर आधी हेच. पोराच्या वलिम्याला, लग्नानंतरच्या जेवणाला, पाचशे माणूस जेवला म्हणून मी छाती फुगवून सांगितलं, तर डोळे मिचकावून म्हणाले, मोजलं का? ऑफिसात त्यांच्यामागे सगळे त्यांना मोजलंका साहेब म्हणायचे आणि ते त्यांना माहीत होतं. दुसरं एक वाक्य होतं, ते मात्र गंभीरपणे म्हणायचे. जे मोजता येत नाही ते लिहायचं नाही. नवीन पोरगा नोकरीला लागला की त्याला पहिल्या दिवशी हे ऐकवायचे.

देवधर्माचं काही नाही. वडील छप्पन सालानंतरच्या दीक्षेतले, हे स्वतः पक्के विज्ञानवाले. मी पाच वक्ताचा नमाजी. पण अठरा वर्षांत त्यांनी एकदाही मला नमाजाला उशीर होऊ दिला नाही. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ झाली की स्वतःच म्हणायचे, थांबवा गाडी, आणि नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, वजूला, आपल्या कॅनमधलं पाणी द्यायचे. मी चटई अंथरली की ते लांब जाऊन दगड फोडत बसायचे. माझं झालं की विचारायचे, माझं नाव घेतलं का वर? मी म्हणायचो, घेतलं. तर म्हणायचे, हे तुम्ही मोजू शकत नाही, म्हणून मी लिहून घेत नाही. आणि हसायचे.

आता बुटांचं. वणीच्या खाणीतले कामगार घालतात तसे बूट होते, घोट्याच्या वरपर्यंत लेस, आणि तळाला दोन बोटं जाड रबर. मे महिन्यात यवतमाळात कोणी पायात चप्पलसुद्धा धड ठेवत नाही, आणि हे बूट घालून. जेवताना बूट, घरात बूट. वहिनींशी यावरून कायमची कुरबुर. बुद्धपौर्णिमेला सगळं घर विहारात आत, आणि हे बाहेर पिंपळाखाली खुर्ची टाकून, कारण आत जायचं तर जोडे काढावे लागतात. लोक म्हणायचे, साहेब झाला, डोक्यात हवा गेली. मी एकदा इफ्तारीला बोलावलं, तर आमच्या ओसरीच्या पायरीवर बसून खजूर खाल्ला आणि आत आलेच नाहीत. मला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. आमच्या घरात यायला नको वाटतं का, इथपर्यंत मनात येऊन गेलं. अल्लाह माफ करो.

पहिल्यांदा काहीतरी वेगळं आहे असं वाटलं ते केळापूर तालुक्यातल्या एका गावात. तिथे सोनबाजी नावाचा पाणाड्या होता. पाणाड्या म्हणजे तळहातावर आडवा नारळ ठेवून वावरातून चालतो, नारळ उभा झाला की म्हणतो इथं पाणी. आमच्याकडे अजूनही बोअर मारायच्या आधी लोक मशीनपेक्षा पाणाड्याला बोलावतात. साहेबांना याचा भारी राग. गावासमोर त्यांनी सोनबाजीला सांगितलं, तू जागा दाखवलीस ना, आता डोळ्यांवर फडकं बांधतो, परत चाल, बघू त्याच जागेवर नारळ उभा राहतो का. सोनबाजी चालला. नारळ तीन वेगळ्या ठिकाणी उभा राहिला. लोक हसायला लागले. म्हातारा बिचारा घामाघूम झाला.

फडकं सोडल्यावर त्यानं नारळाकडे पाहिलं नाही, लोकांकडेही नाही. साहेबांच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "साहेब, माहा नारळ खोटा असंन. पण तुमी जोडे काढून या वावरातून एक खेप चालून दाखवा."

मी साहेबांच्या शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाले, चला रहीमभाई, उशीर होऊन राह्यला. सकाळचे दहाही वाजले नव्हते.

त्यानंतरच्या मार्चमध्ये आम्ही त्या मारेगावकडच्या पोडावर गेलो. वीसेक घरं. हातपंप दोन वर्षांपासून कोरडा. बाया टेकडीच्या पलीकडच्या जुन्या दगडी विहिरीवरून पाणी आणायच्या, आत उतरायच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि अर्ध्या ढासळलेल्या. पोडावर जंगूबाई नावाची एक बाई होती, पन्नाशीची, बोलायला कमी. तिनं आणि तिच्या सुनेनं, सुशीलेनं, आम्हाला आल्या आल्या पाणी दिलं. ते कुठून आणलंय हे माहीत असल्यामुळे मला घोट उतरला नाही.

साहेब पोडाभोवती फिरले. घरांच्या मागे एक जुनं मोहाचं झाड होतं. त्याच्या पलीकडे वीस पावलांवर ते थांबले. नुसते थांबले नाहीत, कोणी खांदा धरावा तसे थबकले. मग एक पाय उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मला म्हणाले, मशीन इथं लावा. आमचं मशीन म्हणजे लोखंडी चार खुंटे जमिनीत ठोकायचे, त्यातून करंट सोडायचा, खाली दगड आहे की पाणी ते आकड्यांवरून कळतं. आकडे आले, निखळ काळा दगड. साहेबांनी खुंटे हलवून पुन्हा लावले. दगड. तिसऱ्यांदा लावले. दगड.

जंगूबाई डोक्यावर पाण्याची रिकामी गुंडी घेऊन बाजूला उभी होती. साहेब तिला म्हणाले, मशीन नाही म्हणते, माय. ती म्हणाली, बरं. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, पाणी नाही. यवतमाळ येईपर्यंत ते गाडीत मांड्यांवर दोन्ही मुठी दाबून बसले होते.

त्याच्या दोनेक वर्षं आधी खात्यानं काही विहिरींत आपोआप मोजणारी यंत्रं बसवली होती. यंत्र आत पाण्यात लटकतं, वर सिमकार्ड, दर पंधरा मिनिटांनी पातळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येते. केळापूरकडच्या एका बंद बोअरमध्ये एक बसवलं होतं. पावसाळा सोडला तर त्याची रेघ सरळ पाहिजे. पण त्या रेघेत मधूनमधून एकेक उंचवटा यायचा. चार बोटं पाणी वर, दोन-तीन तासांनी पुन्हा खाली. तंत्रज्ञ आला, यंत्र बदललं. उंचवटे तसेच.

त्या मार्चच्या शेवटी एका दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, रहीमभाई, गाडीचं लॉगबुक आणा. ड्रायव्हरला लॉगबुक मागितलं की डिझेलचा हिशोब निघाला असं समजायचं. मी आणलं. त्यांनी रेघेचा कागद टेबलावर पसरला, शेजारी माझं लॉगबुक. मी तारीख आणि वेळ वाचायची, ते बोट फिरवायचे. आम्ही त्या विहिरीवर गेलो होतो त्या प्रत्येक दिवशी उंचवटा होता. सात भेटी, सात उंचवटे. आम्ही गेलो नाही अशा एकाही दिवशी नाही. आणि पाणी आम्ही पोचल्यावर चढत नव्हतं. पोचायच्या अर्धा तास आधीच चढायला लागायचं.

मला त्यांनी समजावून सांगितलं, जणू मीच त्यांच्याशी वाद घालत होतो. खोल दगडातलं पाणी हलतं. हवेचा दाब बदलला की हलतं, लांबून मालगाडी गेली की हलतं, भूकंप झाला तर हजार कोसांवर हलतं. "चंद्रानंसुद्धा वर येतं, रहीमभाई. समुद्राचंच नाही, खाली दगडात कोंडलेलंही." मग म्हणाले, "पण मी काही चंद्र नाही."

त्यांनी मोजायचं ठरवलं. दुसरं काय करणार? आधी मला एकट्याला पाठवलं, तीच जीप, तोच रस्ता, मागच्या सीटवर त्यांची बॅग, टोपी आणि डबा. मी तिथे तासभर बसलो. रेघ सरळ. मग म्हणाले, आता मी एसटीनं जाईन, कोणत्या दिवशी ते सांगणार नाही, तुम्ही फक्त कॉम्प्युटरकडे पाहत जा. त्यांनी आठवडाभर रजा टाकली. मी रोज ऑफिसातल्या पोरसवदा क्लार्कच्या मागे स्टूल टाकून बसायचो. गुरुवारी अकराच्या ठोक्याला आलेला आकडा वर गेला होता. मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. विचारलं, साहेब, पोचले का विहिरीवर?

"नाही," ते म्हणाले. "पांढरकवड्याच्या स्टँडवर आहे. ऑटो पाहून राह्यलो." मागे कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. "काहून? चढलं का?"

मी हो म्हणालो.

परत आल्यावर त्यांनी मला बुटांचं सांगितलं. आम्ही गाडीत होतो, घाटंजी रस्त्याला पळसाच्या सावलीत थांबलो होतो. अनवाणी असलं की खाली पाणी कुठं आहे ते त्यांना तळव्यात कळायचं. गार लागायचं, आणि आतून कोणी बोट लावून चाचपावं तसं वाटायचं. जाड रबर घातलं की कमी व्हायचं, पूर्ण जायचं नाही. लहानपणापासून होतं. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपल्यात भरले आणि घरामागच्या विहिरीत सोडले. त्या काळी पुष्कळांनी तसं केलं. वडिलांनी सांगितलं होतं, आता या घरातल्यानं कोणाच्या पाया पडायचं नाही, आणि कोणी आपल्या पाया पडंन असं वागायचंही नाही. साहेब त्यानंतर सहा-सात वर्षांनी जन्मले. त्याच विहिरीच्या काठावर खेळताना पहिल्यांदा त्यांच्या तळव्यांना ते बोट लागलं.

मी काय म्हणालो ते आज आठवलं तरी जीभ चावतो. मी म्हणालो, साहेब, मग ते विहिरीतले देवच तर नाहीत तुम्हाला शोधत?

अठरा वर्षांत त्या एकाच वेळी त्यांनी माझ्यावर आवाज चढवला. म्हणाले, ते दगड होते, रहीमभाई. माझ्या बापानं दगड टाकले. त्यानं माणसासारखं जगायला म्हणून टाकले. आणि मी उद्या जोडे काढून गावोगाव फिरलो ना, तर वर्षभरात लोक मलाच शेंदूर लावतील. मग बापानं टाकलं काय आणि मी केलं काय? थोड्या वेळानं त्यांचा राग उतरला. म्हणाले, मला याचं कारण कळलं तर मी उद्या लिहीन. कारण कळेस्तोवर हे नाही म्हणजे नाही.

मी तरी म्हणालो, अल्लाहची करामत असेल. ते म्हणाले, असेलही, पण करामत कोणत्या रकान्यात लिहायची?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. जंगूबाईची सून सुशीला त्या दगडी विहिरीच्या पायरीवरून घसरली. डोकं खालच्या कठड्यावर आपटलं. पांढरकवड्याला नेईपर्यंत संपली. सकाळचं दुसरं पाणी आणायला गेली होती.

पेपर साहेबांच्या टेबलावर होता. मी चावी घ्यायला आत गेलो तेव्हा ते तो वाचत नव्हते, नुसता हात ठेवून बसले होते. मला म्हणाले, मला मार्चमध्येच माहीत होतं. मोहाच्या झाडापलीकडे, वीस पावलं. बुटातून लागत होतं, इतकं. मला तेव्हा समजलं की मुठी दाबून का बसले होते. मी चावी घेऊन बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी खात्याची बोअर मारायची गाडी एका गावाहून रिकामी परतत होती, तिला साहेबांनी पोडाकडे वळवलं. कागदावर स्वतःची सही केली. मशीन आम्ही नेलंच नाही. पोडावर उतरल्यावर ते जीपच्या पायरीवर बसले आणि लेस सोडायला लागले. अठरा वर्षांत मी त्यांचे पाय पहिल्यांदा पाहत होतो. पांढरेफटक, सुरकुतलेले, फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं होतात ना, तसे. बूट माझ्या हातात दिले आणि जमिनीवर पाय टेकले.

मी तिथे होतो म्हणून सांगतो, नाहीतर मीही कोणाचं ऐकून विश्वास ठेवला नसता. त्यांनी डोळे मिटले आणि ते चालायला लागले. म्हणजे चालत होते तेच, पण पावलं पुढे टाकायचं काम दुसरंच कोणी करत होतं असं वाटत होतं. दुपारची वेळ, पोडावर कुत्रंही भुंकत नव्हतं. माती फुटून भेगा पडलेली, इतकी कोरडी की पाऊल पडलं की धूळ उडावी. त्यांच्या पावलांखालून धूळ उडत नव्हती. मोहाच्या पलीकडे, मशीननं तीनदा दगड सांगितला होता नेमक्या तिथे ते थांबले आणि म्हणाले, इथं.

गाडीनं भोक पाडायला सुरुवात केली. बराच वेळ काळी भुकटी उडत राहिली. ऑपरेटर माझ्याकडे पाहून मान हलवत होता. मग एकदम आवाज बदलला, आणि पाणी वर आलं ते माणसाच्या डोक्याच्या वर फेकलं गेलं. ऑपरेटर पळालाच. माणसं, बाया, सगळे भिजले, ओरडले, रडले. थोड्या वेळानं चार-पाच बाया ताटात हळदकुंकू घेऊन आल्या. साहेब अनवाणी, चिखलात उभे. त्यांनी पाहिलं आणि मागे सरकले, माझ्याकडे हात केला. बूट पाहिजे होते त्यांना. पण मी धावून पोचायच्या आत जंगूबाई त्या बायांच्या पुढे आली. तिच्या हातात ताट नव्हतं, गुंडी होती. तिनं बाकीच्यांना हातानं थांबवलं.

"मी पाया नाही पडून राह्यली, बाप्पा," ती साहेबांना म्हणाली. "मले एक सांग. तुले गेल्या खेपेले माहीत होतं का?"

साहेबांना नाही म्हणता आलं असतं. मशीनवर ढकलता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हणा साहेब, नाही म्हणा.

"होतं," ते म्हणाले.

"मंग बोलला काहून नाही?"

"मोजता येत नव्हतं, माय."

"असं," जंगूबाई म्हणाली. तिनं थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाकून गुंडी पाण्याखाली धरली. भरली, डोक्यावर घेतली आणि गेली. हळदकुंकवाच्या बाया तिच्या मागोमाग गेल्या.

साहेबांनी बूट परत मागितले नाहीत. अनवाणीच जीपमध्ये बसले. ऑफिसात येऊन तसेच अनवाणी टेबलाशी बसून त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी तो पाहिला आहे. शोधाची पद्धत या रकान्यात लिहिलं होतं, अनवाणी पायांनी. कारण माहीत नाही. आणि खाली, मार्चमध्येही जाणवले होते, नोंद केली नाही, ही चूक माझी.

वरून रिपोर्ट परत आला. पद्धतीच्या रकान्यात मशीन लिहा आणि खालची ओळ काढा, विषय संपला. साहेबांनी काढली नाही. मग चौकशी लागली, नोटिसा आल्या. अर्धं ऑफिस म्हणालं, म्हातारा सरकला. उरलेलं अर्धं गुपचूप आपापल्या वावरात बोअर पाहायला या म्हणून त्यांच्या मागे लागलं. साहेब कोणाकडेच गेले नाहीत. चौकशी चालू असतानाच रिटायर झाले. निरोप समारंभ झाला नाही. मी घरून डब्यात शिरखुर्मा नेला, आम्ही दोघांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून खाल्ला. मी म्हणालो, गोड झालाय ना? म्हणाले, मोजली का साखर? पण हसले नाहीत.

त्यानंतर ते सकाळी घरून निघायचे आणि कधी संध्याकाळी, कधी दोन-दोन दिवसांनी परत यायचे. अनवाणी. वहिनी मला फोन करून रडायच्या. पुढच्या पावसाळ्यात एकदा निघाले ते परतलेच नाहीत. तक्रार झाली, शोध झाला, त्यांची पोरं नांदेड, आदिलाबादपर्यंत जाऊन आली. त्याच आठवड्यात केळापूरकडच्या त्या बंद बोअरमधली रेघ चार बोटं वर गेली. ती अजून खाली आलेली नाही. यंत्र तीनदा बदललं. मी रिटायर होईपर्यंत रोज त्या क्लार्कला विचारायचो. नंतर विचारायचं सोडून दिलं.

मला ते शेवटचे दिसले ते त्याआधीच्या मे महिन्यात. नवीन साहेबांना पांढरकवड्याला सोडून मी रिकामी जीप घेऊन परत येत होतो. जोहरची वेळ झालेली, बाजूला नांगरून ठेवलेली काळी वावरं, झाडाचं नाव नाही. त्या वावरातून एक माणूस हळूहळू चालत होता, आणि मी लांबूनच ओळखलं. गाडी थांबवून धावत गेलो. दाढी वाढली होती, शर्टाचा खिसा मात्र पांढरा. खांद्याच्या झोळीत वही होती. म्हणाले, मोजून राह्यलो, रहीमभाई. जागा लागली की वहीत लिहायची, कोणाला सांगायची नाही, आणि पुढे तिथं कोणी आपल्या मनानं विहीर किंवा बोअर काढली की येऊन पाहायचं, पाणी लागलं की नाही.

मी विचारलं, किती झाल्या?

"बत्तीस जागी लोकायनं खोदलं. बत्तीसही जागी लागलं." ते माझ्याकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. "एक चुकली पाहिजे. एक चुकली असती तर मी घरी गेलो असतो."

मी म्हणालो, गाडीत बसा, सोडून देतो, वहिनी वाट पाहतात. म्हणाले, नको, गाडीत पाय अधांतरी राहतात, मग त्याला सापडत नाही. कोणाला, ते मी विचारलं नाही. मग मी म्हणालो, साहेब, तुमचे बूट अजून माझ्याजवळ आहेत, नीट पुसून ठेवलेत. तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं आणि पहिल्यासारखं दरडावून म्हणाले, "ठेवू नका, घाला. नुसते ठेवले तर कोणीतरी हळद वाहीन त्यायले. वापरून फाडून टाका." मला एक नंबर मोठे होतात, पुढे कापूस कोंबून घालतो.

ते चालायला लागले. मी तिथेच उभा राहिलो. त्यांच्यामागे नांगरटीत पावलं उमटत होती, आणि प्रत्येक पावलाचा रंग आजूबाजूच्या मातीपेक्षा गडद होता. मी खाली बसून सगळ्यात जवळच्या पावलात हात घातला. टाचेच्या जागी पाणी होतं. मेमध्ये, भर दुपारी, गारेगार आणि स्वच्छ. मी पाहत होतो आणि ते हळूहळू वर येत होतं, ओंजळभर होईल इतकं. माझ्या वजूला पुरलं असतं.

माझे हात ओले झाले होते. दर्ग्यावरचं पाणी लावतात तसे ते तोंडावरून फिरवायला म्हणून उचलले, आणि समोर पाहिलं. साहेब लांब गेले होते. पाठमोरे उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते. मी हात पँटला पुसले, खसाखसा, कोरडे होईपर्यंत, आणि गाडीतल्या कॅनमधलं पाणी घेऊन वजू केलं.